क्योटो एकट्याने: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एकट्याने क्योटोला निघालेल्या वाचकांची पत्रं बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. रकमा जपानी येनमध्ये आहेत.

प्रश्न: पहिल्यांदाच एकटा परदेशी निघालो आहे. क्योटोत चार पूर्ण दिवस मिळतात. बघण्याच्या ठिकाणांची यादी केली तर बावीस झाली, म्हणून रोज पाच-सहा अशी वाटणी केली आहे. जमेल का?

नाही जमणार. क्योटोत अंतरं फार नाहीत, पण वेळ पुरत नाही. बहुतेक बौद्ध मंदिरं सकाळी ८:३० किंवा ९ ला उघडतात आणि दुपारी ४ ते ४:३० च्या सुमारास शेवटचं तिकीट देतात. म्हणजे तिकीट काढून बघायच्या जागांसाठी दिवसाचे सात-साडेसात तासच हातात असतात. त्यात एका मंदिराला तासभर, जाण्यायेण्याला अर्धा तास आणि जेवण धरलं, तर चार मंदिरं झाली की पाय बोलायला लागतात.

यादीतल्या नावांचे शेवट आधी बघा. नावाच्या शेवटी ‘जी’, ‘देरा’ किंवा ‘इन’ असेल तर ते बौद्ध मंदिर. तिथे फाटक, तिकीट आणि बंद व्हायची वेळ असते. ‘जिंजा’, ‘ताइशा’ किंवा ‘जिंगू’ असेल तर ते शिंतो देवस्थान. यांपैकी बऱ्याच ठिकाणी प्रांगणात फिरायला पैसे लागत नाहीत आणि फुशिमी इनारी ताइशा, यासाका जिंजा यांसारखी मोठी देवस्थानं तर चोवीस तास उघडी असतात. म्हणून पहाट आणि संध्याकाळ देवस्थानांना द्या, मधला वेळ मंदिरांना. पहाटेच्या बाबतीत एक सुखद अपवाद म्हणजे कियोमिझु-देरा. हे मंदिर सकाळी ६ वाजताच उघडतं. एकट्याचा खरा फायदा इथे आहे. दुसऱ्या कुणाला उठवायचं नसतं, चहासाठी थांबायचं नसतं.

शहराच्या तीन बाजूंना डोंगर आहेत: पूर्व, पश्चिम, उत्तर. एका दिवशी एकच बाजू घ्यायची, हा नियम मोडू नका. किंकाकु-जी (सोनेरी मंदिर) वायव्येला, गिंकाकु-जी ईशान्येला. नावं जवळची म्हणून दोन्ही एका सकाळी करायला गेलात तर निम्मी सकाळ बसमध्ये उभ्याने जाते.

पूर्वेचा दिवस असा करा. ६ ला कियोमिझु-देरा. डोंगरउतारावरचा तिथला सज्जा सुमारे १३ मीटर उंच असून आजचं मुख्य मंदिर १६३३ सालचं आहे. बाहेर पडून सान्नेनझाका, निनेनझाका या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्यांनी उतरा. दुकानं नऊ-दहाला उघडतात, त्यामुळे आठपर्यंत गल्ल्या रिकाम्या असतात. पुढे यासाका देवस्थान, मारुयामा बाग, शोरेन-इन असं उत्तरेकडे चालत नान्झेन-जीला या. मंदिराच्या आवारात विटांच्या कमानींवरून जाणारा पाण्याचा पाट दिसेल. बिवा तलावाचं पाणी शहरात आणणाऱ्या कालव्याचा तो भाग आहे, १८८८ सालचा. तिथून सुमारे दोन किलोमीटरची ‘तत्त्वज्ञाची वाट’ कालव्याकाठाने गिंकाकु-जीपर्यंत जाते. तत्त्वज्ञ निशिदा कितारो इथे चालत असत, त्यावरून हे नाव पडलं. गिंकाकु-जीला ४ च्या आत पोहोचा. परतीच्या बसला त्या वेळी हमखास रांग असते. त्यापेक्षा इमादेगावा रस्त्याने सरळ पश्चिमेला चाला, अर्ध्या तासात देमाचियानागी स्थानक येतं.

पश्चिमेचा दिवस अराशियामापासून सुरू करा. क्योटो स्थानकावरून जेआरच्या (जपान रेल्वेच्या) सागानो मार्गाने सागा-अराशियामा पंधरा-वीस मिनिटांवर आहे. बांबूचं बन उघड्यावर आहे, तिकीट नाही. सातच्या आत गेलात तर वाऱ्यात बांबू एकमेकांवर घासल्याचा आवाज ऐकू येतो. नऊनंतर फक्त माणसांचा येतो. ८:३० ला तेन्रयु-जीची बाग उघडते, तिकीट ५०० येन. मग रांदेन नावाची छोटी ट्राम धरा. काताबिरा-नो-त्सुजीला गाडी बदलायची आणि रयोआन-जी स्थानकावर उतरायचं. रयोआन-जीच्या वाळूच्या बागेत पंधरा दगड आहेत. ओसरीवर कुठेही बसलात तरी एक तरी नजरेआड राहतो. जागा बदलून मोजून बघाच. तिथून किंकाकु-जी वीस मिनिटं पायी. हे मंदिर १९५० मध्ये जाळलं गेलं, आत्ताची वास्तू १९५५ ची. बघायला पाऊण तास पुरतो, कारण वाट एकाच दिशेने जाते आणि आत प्रवेश नाही.

तिसरा दिवस दक्षिणेला: फुशिमी इनारी पहाटे, नंतर निजोचा किल्ला आणि शहराचा मध्य. चौथा क्योटोबाहेरच्या नारा आणि उजी या शहरांना. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. यादीतल्या बावीसपैकी चौदा होतील, आणि त्या लक्षात राहतील.

प्रश्न: बसचा एक दिवसाचा पास घ्यायचा असं सगळीकडे वाचलं. तो कुठे मिळतो?

फक्त बसचा तो पास आता मिळत नाही. त्याची विक्री २०२३ मध्येच थांबली. आता भुयारी रेल्वे आणि बस मिळून एक दिवसाचा पास आहे, प्रौढांना १,१०० येन. शहरातल्या बसचं एका वेळचं भाडं २३० येन आहे. म्हणजे पास वसूल व्हायला दिवसात पाच फेऱ्या व्हायला हव्यात. वर सांगितल्यासारखं एका बाजूला फिरलात तर तेवढ्या होत नाहीत. एकट्या माणसाने इकोका कार्ड घ्यावं. २,००० येन द्यायचे, त्यातले ५०० ठेव म्हणून राहतात. हे कार्ड रेल्वे, बस, ट्राम आणि बहुतेक छोट्या किराणा दुकानांतही चालतं. यंत्रावर पैसे भरताना रोख लागते, हे ध्यानात ठेवा.

बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्याने उतरायचं आणि भाडं उतरताना द्यायचं. पेटी सुटे परत देत नाही. तिच्याच शेजारी सुट्या पैशांचं यंत्र असतं, त्यात नाणी आणि १,००० ची नोट चालते. ५,००० किंवा १०,००० ची नोट चालत नाही आणि मागे चाळीस माणसं खोळंबतात. बस थांब्यावर येण्याआधीच सुटे करून ठेवा.

पण मुळात बस कमी वापरा. कियोमिझुकडे जाणाऱ्या २०६ क्रमांकाच्या बसमध्ये दहा वाजल्यानंतर पाय ठेवायला जागा नसते आणि रस्ता तुंबला की वीस मिनिटांचे पन्नास होतात. रेल्वेने जवळच्या स्थानकापर्यंत जाऊन पुढे चालणं किंवा छोटी बस घेणं केव्हाही बरं. किंकाकु-जीला स्थानकावरून थेट बस न घेता भुयारी रेल्वेने किताओजीला जा, तिथून २०४ किंवा २०५ क्रमांकाची बस दहा-पंधरा मिनिटांत सोडते. नान्झेन-जीला भुयारी रेल्वेचं केआगे स्थानक. फुशिमी इनारीला जेआरचा नारा मार्ग, क्योटोपासून दुसरं स्थानक. इथेच खूपजण फसतात. याच फलाटावरून सुटणारी ‘मियाकोजी’ जलद गाडी इनारीला थांबत नाही. पाटीवर ‘लोकल’ बघूनच चढा.

मोठी बॅग घेऊन शहर बसमध्ये चढू नका. क्योटो स्थानकातले मोठ्या बॅगांचे लॉकर सकाळी दहापर्यंत संपतात. पुढचा मुक्काम टोकियोला असेल तर हॉटेलातून ‘ताक्क्युबिन’ या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने बॅग पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचते, तेव्हा एका रात्रीचे कपडे जवळ ठेवा.

प्रश्न: मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. चार दिवस फळं आणि बिस्किटांवर काढावे लागतील का? शिवाय एकट्याला टेबल देत नाहीत असंही ऐकलं.

फळांवर राहायची वेळ येणार नाही, पण अडचण कुठे आहे ते नीट समजून घ्यायला हवं. मांस डोळ्यांना दिसतं, ते टाळता येतं. दिसत नाही ती ‘दाशी’. हा जपानी स्वयंपाकाचा मूळ रस. तो बहुधा कोंबु नावाचं समुद्रशेवाळ आणि सुकवून धुरी दिलेल्या कात्सुओ माशाच्या चकत्या यांपासून करतात. मिसो सूप, उदोन आणि सोबा शेवयांचा रस्सा, तेंपुराबरोबरची आमटीसारखी चटणी, इतकंच काय, उकडलेल्या पालेभाजीवर ओततात तो रससुद्धा दाशीचाच. तुम्ही ‘शाकाहारी’ म्हटलंत की स्वयंपाकी मनापासून मांसाचे तुकडे काढतो. दाशी त्याच्या लेखी मासा नाहीच, ती चव आहे. तो फसवत नाही, म्हणून त्याला नेमकं सांगायचं.

हे वाक्य पाठ करा: ‘निकु मो, साकाना मो, तामागो मो ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देस्.’ म्हणजे मांस, मासे, अंडं खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही. पुढे ‘कोंबु-दाशी वा दाइजोबु’ जोडलंत तर शेवाळाचा रस चालतो हे कळतं आणि त्याला काहीतरी करून देता येतं. हीच वाक्यं जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा आणि बसण्याआधी दाखवा. बसल्यावर दाखवली तर दोघांनाही अवघड होतं.

क्योटोत शाकाहाराची स्वतःची जुनी परंपरा आहे, तिचं नाव शोजिन र्‍योरी. मठातलं हे जेवण. मांस, मासे, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू, युबा म्हणजे सोयाच्या दुधावरची साय, नामाफु म्हणजे गव्हाच्या चिकाची वडी, लोणची, भात असं ते ताट असतं. तेन्रयु-जीच्या आवारात शिगेत्सु नावाचं भोजनगृह आहे. शोजिन र्‍योरी बहुतेक ठिकाणी दुपारीच मिळते आणि काही ताटं किमान दोघांसाठीच करतात, म्हणून आरक्षण करताना एकट्यासाठी मिळणारं ताट विचारून घ्या. एकदा तरी यासाठी पैसे बाजूला ठेवावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. नान्झेन-जीच्या आसपास युदोफु, म्हणजे कोंबुच्या पाण्यात गरम केलेलं तोफू, मिळतं. तोफू चालतं, बुडवून खायच्या रसात मात्र अनेकदा कात्सुओ असतो. साधा सोया सॉस मागा: ‘शोयु’.

चोवीस तासांच्या दुकानात तांदळाचे त्रिकोणी गोळे, ओनिगिरी, मिळतात. ‘शिओ’ म्हणजे नुसतं मीठ, ‘उमे’ म्हणजे आंबट प्लम, ‘कोंबु’ म्हणजे शेवाळ. उमे आणि कोंबुमध्येही कात्सुओचा अर्क असू शकतो. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या तक्त्यावर विसंबू नका. सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू येतात, कात्सुओ येत नाही. तक्ता कोरा दिसला तरी मासा असू शकतो. फोनच्या कॅमेऱ्याने घटकांची ओळ भाषांतर करून वाचा.

एकट्याला टेबल देत नाहीत हे सरसकट खरं नाही. उलट जपानइतकी एकट्याच्या जेवणाची सोय कमी ठिकाणी असेल. ओट्यासमोर एक-एक खुर्ची असते, दारात ‘हितोरि देस्’ (एकटाच आहे) म्हणायचं आणि सांगतील तिथे बसायचं. नकार येतो तो महागड्या काइसेकी (एकामागून एक अनेक पदार्थ वाढणाऱ्या) भोजनगृहांत आणि नदीकाठच्या मांडवांत, तेही संध्याकाळी. दुपारी त्याच जागी जेवण स्वस्त असतं आणि एकट्याला बसवतातही.

प्रश्न: नारा आणि उजी एकाच दिवशी होतील का? फुशिमी इनारीही त्याच रेल्वेमार्गावर आहे म्हणून तेही जोडावं असा विचार आहे.

नारा आणि उजी होतील. इनारी जोडू नका. एकाच मार्गावर असलं तरी इनारीचा डोंगर २३३ मीटर उंच आहे. सगळा फेरा करायला दोन-तीन तास जातात आणि त्यानंतर नाराच्या बागेत पाच-सहा किलोमीटर चालणं शिक्षा होते.

नारा आधी करा, कारण तोदाइ-जीचं महाबुद्धगृह एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये सकाळी ७:३० ला उघडतं, बाकीच्या महिन्यांत ८ ला. जाताना किंतेत्सु रेल्वेने जा. क्योटो स्थानकात तिचे फलाट दक्षिणेला, हाचिजो बाजूला आहेत. काही गाड्यांना यामातो-साइदाइजीला बदल करावा लागतो. खास गाडीने पस्तीस मिनिटं लागतात, पण जादा आकार पडतो. किंतेत्सु-नारा स्थानकापासून बाग पाच मिनिटांवर आहे, जेआर स्थानकापासून वीस. म्हणून जाताना किंतेत्सु, येताना जेआर, कारण उजी जेआरच्या वाटेवर आहे.

आठच्या आत तोदाइ-जीत असलात तर शाळांच्या सहली यायच्या आधी बुद्धासमोर शांतपणे उभं राहता येतं. मूर्ती सुमारे १५ मीटर उंच, काशाची. ७५२ साली तिचे नेत्र उघडण्याचा विधी झाला तेव्हा कुंचला बोधिसेन या भारतातून गेलेल्या भिक्षूच्या हातात होता. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळावं. आत्ताची इमारत १७०९ ची आहे. मूळची हिच्यापेक्षा दीडपट रुंद होती. तिकीट ८०० येन. बाहेर पडल्यावर गर्दी उजवीकडे वळते, तुम्ही मागच्या चढाने निगात्सु-दोला जा. तिथल्या सज्ज्यातून सगळं नारा दिसतं, आणि तिकीट नाही. मग दगडी कंदिलांच्या वाटेने कासुगा ताइशा. कोफुकु-जीच्या पाच मजली पॅगोडाच्या फोटोंवर मन जडलं असेल तर सांगून ठेवतो, मोठ्या डागडुजीसाठी तो झाकलेला आहे.

हरणांबद्दल थोडं सविस्तर, कारण दुखापती इथेच होतात. बागेत हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी विकतात ती बिस्किटंच द्या, दुसरं काही नाही. बिस्किटाचा गठ्ठा हातात दिसला की ती घेरतात, आणि एकट्या माणसाच्या मागे कुणी नसल्याने पाठीमागून चावा येतो. भिंतीला किंवा झाडाला पाठ लावून उभे राहा, दाखवून खेळवू नका, पटकन देऊन टाका. संपली की दोन्ही मोकळे तळवे पुढे करा, ती समजतात. नकाशा, तिकीट, कागदी पिशवी बाहेर ठेवू नका, ती खाऊन टाकतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा माजाचा काळ. शिंगं असलेल्या नरापासून लांब राहा.

साडेबाराला जेआर नाराला पोहोचून उजीची गाडी धरा. ब्योदो-इनचा फिनिक्स मंडप १०५३ चा, जपानच्या १० येनच्या नाण्यावर छापलेला तोच. बागेचं तिकीट ७०० येन. मंडपाच्या आत जायचे ३०० वेगळे, आणि त्याची वेळ ठरवून मिळते. आत शिरल्यावर बाग बघत बसू नका. आधी मंडपाच्या खिडकीपाशी जाऊन वेळ घ्या, दुपारी जागा संपतात. उरलेल्या वेळात संग्रहालय बघा आणि मग नदीकाठच्या एखाद्या दुकानात उजीचा हिरवा चहा प्या.

प्रश्न: मी एकटी येते आहे, वय ३४. मुक्काम कुठे करावा आणि रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहावं?

नारा, इनारी, अराशियामा तिन्हीकडे पहाटे निघणार असाल तर क्योटो स्थानकाच्या हाचिजो बाजूला राहा. पहिली गाडी चालत गाठता येते. संध्याकाळी जेवायला आणि हिंडायला आवडत असेल तर शिजो-कारासुमा ते सानजो हा पट्टा चांगला. कॅप्सूल हॉटेलमध्ये स्त्रियांचे मजले वेगळे असतात आणि दार कार्डानेच उघडतं. र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पथिकगृहात, दर माणशी असतो आणि तो दोघंजण धरून काढलेला असतो. एकटीला जास्त पडतं किंवा नकार मिळतो. रविवार ते गुरुवार विचारा, तेव्हा होकाराची शक्यता वाढते. खोलीभाड्यावर शहराचा मुक्काम कर वेगळा लागतो: मार्च २०२६ पासून माणशी रात्री ६,००० येनच्या आत भाडं असेल तर २०० येन, ६,००० ते २०,००० च्या आत असेल तर ४००.

रात्री दहा-अकरापर्यंत मोठ्या रस्त्यांवर आणि रेल्वेत एकट्या बायका सर्रास दिसतात. जपायचं ते वेगळ्या ठिकाणी. फुशिमी इनारी रात्री उघडं असतं, दिवे असतात, पण योत्सुत्सुजी या चौकाच्या वर एकटीने जाऊ नका. वर वाट सुनसान होते आणि रानडुकरांच्या सूचना उगीच लावलेल्या नाहीत. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीत २०२४ पासून खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे. पाटीवर १०,००० येन दंड लिहिलेला असतो. हानामीकोजी हा मोठा रस्ता सगळ्यांना खुला आहे. संध्याकाळी माइको (शिकाऊ गेइशा) दिसल्या तर वाट अडवून फोटो काढू नका, त्या कामावर निघालेल्या असतात.

पोलीस ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९. पासपोर्ट जवळ बाळगणं परदेशी पाहुण्यांना कायद्याने बंधनकारक आहे, खोलीत ठेवू नका.

प्रश्न: वय ६७, गुडघे कुरकुरतात. पण जायचंच आहे. चढ नसलेलं क्योटो आहे का?

आहे, आणि ते दुय्यम अजिबात नाही. सानजुसानगेन-दो सपाटीवर आहे. सुमारे १२० मीटर लांबीच्या एकाच दालनात कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वराच्या १,००१ मूर्ती आहेत, इमारत १२६६ ची. पुढच्या रांगेत अठ्ठावीस रक्षक देवता उभ्या आहेत, आणि त्यांत आपले इंद्र, ब्रह्मा, गरुड जपानी नावांनी भेटतात: ताइशाकुतेन, बोनतेन, कारुरा. फोटो काढता येत नाहीत, म्हणून लोक खरोखर बघतात. केइहान रेल्वेच्या शिचिजो स्थानकावरून सपाट वाटेने पायी दहा मिनिटांच्या आत. तो-जीही सपाट, क्योटो स्थानकापासून पंधरा मिनिटांवर. तिथला सुमारे ५५ मीटरचा पॅगोडा जपानमधला सर्वांत उंच लाकडी पॅगोडा आहे. शेजारच्या व्याख्यानगृहात ताइशाकुतेन हत्तीवर आणि बोनतेन हंसांवर बसलेला आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला आवारात मोठा जुना बाजार भरतो. निजोच्या किल्ल्यात फारसे जिने नाहीत, पण अंगणात खडी आहे, काठी असेल तर तिला रबराचं टोक हवं.

फुशिमी इनारीला लाल तोरणकमानींच्या दाट रांगेतून ओकुशा या आतल्या देवळापर्यंत जा आणि परत फिरा. चढ सौम्य आहे आणि सगळ्यांना आवडतो तो भाग तेवढाच. कियोमिझुला टॅक्सीने चढाच्या वरच्या टोकाजवळ उतरा. टॅक्सीचं मागचं दार आपोआप उघडतं, हात लावू नका. बक्षिशी नसते.

बूट ओढून घालता येतील असे आणा. दिवसात पाच-सहा वेळा काढावे लागतात, आणि दर वेळी नाडीसाठी वाकणं गुडघ्यांना जड जातं. औषधं महिनाभराची आणता येतात, पण सर्दीच्या ज्या गोळ्यांत सुडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त आहे त्या जपानमध्ये नेता येत नाहीत. चिठ्ठीवरची नावं नीट वाचा.

प्रश्न: शेवाळाचं मंदिर, साइहो-जी, थेट जाऊन बघता येतं का?

नाही. आधी ऑनलाइन अर्ज करून वेळ घ्यावी लागते. प्रवेशासाठी ४,००० येन, आणि बागेआधी सूत्र लिहायला बसवतात. जागा मिळाली नाही तर सागानोतलं गिओ-जी बघा. लहान आहे, पण शेवाळ तितकंच गर्द आणि परवानगीची गरज नाही. पाऊस पडून गेल्यावर जा.

प्रश्न: कुरामा ते किबुने ही डोंगरवाट एकट्याने चालावी का?

चालावी, दिवसा. देमाचियानागीवरून एइझान रेल्वेने कुरामा अर्ध्या तासावर आहे. मंदिरामागून वाट देवदारांच्या उघड्या मुळांवरून वर जाते आणि किबुनेला उतरते. दीड ते दोन तास धरा. दिशा हीच ठेवा: किबुनेच्या बाजूला उतार तीव्र आहे, तो चढायचा म्हणजे सुरुवातच दमवते. पावसानंतर मुळं साबणासारखी निसरडी होतात. पाय मुळावर न देता दोन मुळांमधल्या मातीवर द्या. पाणी कुरामातच भरून घ्या. दुपारी एकनंतर निघू नका, डोंगराआड ऊन लवकर जातं. निघण्याआधी मंदिराच्या दारात वाट चालू आहे का विचारा, वादळानंतर ती बंद ठेवतात. अस्वलांबद्दलची पाटी लावलेली असेल तर एकट्याने जाऊ नका, रेल्वेने किबुनेगुचीला जाऊन रस्त्याने किबुने गाठा. स्थानकापासून दोन किलोमीटर आहे, बसही मिळते.

प्रश्न: सुट्टी ऑगस्टमध्येच मिळते. जाऊ का?

जा, पण दिवस उलटा लावा. क्योटो डोंगरांच्या खोलगट वाटीत आहे, वारा फिरत नाही, पारा ३५ च्या वर जातो आणि दमटपणा वेगळा. पहाटे ५:३० ला बाहेर पडा, ११ ते ४ सानजुसानगेन-दो, संग्रहालय किंवा खोली. १६ तारीख मुक्कामात येत असेल तर सोडू नका. रात्री ८ पासून शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर एकापाठोपाठ आगीची अक्षरं आणि आकृत्या पेटवतात, ओबोन या पितरांच्या सणाला घरी आलेल्या पितरांना निरोप द्यायला. देमाचियानागीजवळच्या नदीकाठावरून पूर्वेचं मोठं ‘दाइ’ अक्षर दिसतं. सातच्या आत जागा धरा, आणि पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर ठेवा.